शर्करेची साखळी प्रथिनाला खरंच जोडली गेली का? व्हीआय–सीआरएम कॉन्जुगेट तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूरला एम. फार्म.च्या प्रकल्पात टायफॉइडच्या जंतूचं व्हीआय पॉलिसॅकराइड, म्हणजे शर्करेची लांब साखळी, सीआरएम-१९७ या वाहक प्रथिनाला जोडलं. अशा जोडलेल्या रेणूला कॉन्जुगेट म्हणतात. आधी सीआरएमवर अ‍ॅडिपिक डायहायड्रॅझाइड, म्हणजे एडीएचचा दुवा बसवला. मग ईडीसी हे जोडणी घडवणारं रसायन घालून व्हीआयच्या कार्बोक्झिल गटांशी तो दुवा बांधला. रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या साइझ एक्सक्लूजन कॉलमवर (एसईसी) प्रथिन दाखवणारा २८० नॅनोमीटरचा पीक आणि अपवर्तनांक मोजणाऱ्या आरआय डिटेक्टरचा पीक एकाच वेळी आले. जेलवर सीआरएमचा पट्टा जवळजवळ गेला आणि वर धूसर फराटा दिसतो. ‘जोडणी झाली असं लिहू का? आणि प्रथिनावर ती कुठे झाली, हे कसं दाखवू?’

एवढ्या पुराव्यावर लिहू नका. तुमचं कॉन्जुगेट झालेलं असण्याची शक्यता चांगली आहे, पण हाती असलेल्या दोन्ही गोष्टी जोडणी न होताही अशाच दिसू शकतात.

कॉलमचं आधी बघू. व्हीआय ही लांब, लवचिक, प्रत्येक कडीवर ऋण प्रभार असलेली साखळी. जी३०००एसडब्ल्यूएक्सएलसारख्या, प्रथिनांसाठी बनवलेल्या कॉलममध्ये ती छिद्रांत शिरतच नाही, सरळ व्हॉइडला, म्हणजे सगळ्यांत आधी, बाहेर पडते. दुसरीकडे ईडीसी फक्त व्हीआयवर काम करत नाही. सीआरएमवर स्वतःचे अ‍ॅस्पार्टेट–ग्लुटामेट आहेत, लायसिन आहेत, शिवाय तुम्ही लावलेले हायड्रॅझाइड आहेत. म्हणून सीआरएम सीआरएमलाच जोडला जातो आणि तो गठ्ठाही व्हॉइडलाच येतो. दोघं एकाच मिनिटाला बाहेर पडले, यातून दोघं मोठे आहेत एवढंच कळतं. तिसरी शक्यता म्हणजे नुसतं चिकटणं. बसलेला प्रत्येक एडीएच प्रथिनाचा एक ऋण प्रभार झाकतो, त्यामुळे सीआरएम-एडीएच मूळ सीआरएमपेक्षा कमी ऋण असतो. पीएच ६च्या आसपास, कमी क्षाराच्या बफरमध्ये तो व्हीआयला विद्युत आकर्षणाने धरून बसू शकतो. भुसावळच्या यार्डात एका रुळावर दोन डबे एकमेकांना टेकून उभे असतात. कपलिंग लागलंय का, हे इंजिनाने ओढल्यावर कळतं. तुमच्या नमुन्याला अजून कोणी ओढलेलं नाही.

ओढण्याआधी तुलनेसाठी तीन नळ्या हव्यात, आणि त्या मुख्य अभिक्रियेच्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, त्याच तापमानाला लावलेल्या हव्यात. पहिलीत व्हीआय आणि सीआरएम-एडीएच, पण ईडीसी नाही. दुसरीत सीआरएम-एडीएच आणि ईडीसी, पण व्हीआय नाही. तिसरीत व्हीआय आणि ईडीसी, पण प्रथिन नाही. यापुढे पहिलीला मिश्रण, दुसरीला प्रथिन-नळी आणि तिसरीला व्हीआय-नळी म्हणतो. या तिघींशिवाय पुढची एकही चाचणी नीट वाचता येत नाही. नंतर उरलेल्या मालातून केलेलं मिश्रण चालत नाही. एडीएच लावलेलं सीआरएम आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी त्यात थोडे गठ्ठे होतात आणि तुलना बिघडते.

आता ओढायचं. कॉलम बदला. व्हीआयसाठी जी५०००पीडब्ल्यूएक्सएल किंवा जी६०००पीडब्ल्यूएक्सएल लागतो, म्हणजे पीक व्हॉइडनंतर, मोजता येईल अशा जागी येतो. मोबाइल फेज ०.१ मोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.२. एकदा त्यात ०.१ मोलर मीठ, दुसऱ्यांदा १ मोलर मीठ. मिश्रणात कमी मिठाला प्रथिन व्हीआयच्या पीकखाली दिसलं आणि जास्त मिठाला सुटून स्वतःच्या जागी गेलं, तर तुमच्या जोडीत विद्युत चिकटणं होतंय हे कळलं. मुख्य नमुन्यातलं प्रथिन १ मोलर मिठालाही व्हीआयखालीच राहिलं, तर पहिली पायरी पार झाली. त्यानंतर नमुना ६ मोलर ग्वानिडिनमध्ये तासभर ठेवून ग्वानिडिन असलेल्याच फेजमध्ये चालवा. इथे आरआयवर विसंबू नका, ग्वानिडिनचा स्वतःचा अपवर्तनांक सगळं झाकतो. २८० नॅनोमीटर बघा, अर्धा-अर्धा मिलिलिटर फ्रॅक्शन गोळा करा, डायलिसिस करा आणि प्रत्येकात व्हीआय वेगळं मोजा. ग्वानिडिन प्रथिनाची घडी उलगडतं आणि आकर्षणही तोडतं, पण अमाइड–हायड्रॅझाइड बंधाला हात लावत नाही. म्हणून ही चाचणी निर्णायक धरावी.

जेलवर त्याच चारही नमुन्यांचे लेन शेजारी शेजारी ठेवा. ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-अ‍ॅसिटेट ग्रेडियंट जेल मिळालं तर उत्तम, साध्या १२ टक्क्यांच्या जेलमध्ये कॉन्जुगेट विहिरीतच अडकतं. एसडीएस आणि डीटीटी घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा. मिश्रणाच्या लेनमध्ये सीआरएमचा ५८ किलोडाल्टनचा पट्टा स्वच्छ परत यायला हवा. प्रथिन-नळीच्या लेनमध्ये ११७च्या आसपास जोडी, त्यावर तिहेरी, त्यावर फराटा असं दिसलं, तर तुमच्या मुख्य लेनमधल्या फराट्याचा काही भाग नुसता सीआरएम–सीआरएम गठ्ठा आहे. तो किती, हे कळण्यासाठी तेच जेल पटलावर उतरवून (ब्लॉट करून) एकदा सीआरएमविरोधी आणि एकदा व्हीआयविरोधी प्रतिपिंडाने रंगवा. दोन्ही रंग एकाच उंचीवर, आणि प्रथिन-नळीत व्हीआयचा रंग शून्य, असं चित्र हवं. २१ आणि ३७ किलोडाल्टनला दोन फिके पट्टे आले तर घाबरू नका. सीआरएमची साखळी एका जागी चिरलेली असते आणि डीटीटीने डायसल्फाइड सुटला की दोन तुकडे वेगळे होतात. पण ते मूळ सीआरएममध्येही तेवढेच होते का, हे बघा. अभिक्रियेनंतर वाढले असतील तर कुठेतरी प्रोटिएज शिरलंय.

इथपर्यंत बंध आहे हे ठरलं. आता किती, ते.

दुव्यांची मोजणी व्हीआय जोडण्याआधीच करायची असते, नंतर ती जमत नाही. सीआरएम-१९७ हा ५३५ अमिनो आम्लांचा, वस्तुमान ५८,४०९ डाल्टन. एडीएचचा रेणुभार १७४.२, बंध होताना पाण्याचा एक रेणू जातो, म्हणून प्रत्येक दुव्यामागे १५६.२ डाल्टन वाढतात. माल्डीवर, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, पीकचा मध्य ५९,३५० आला तर फरक ९४१, भागिले १५६.२, म्हणजे सरासरी ६ दुवे. पीक रुंद असेल, कारण काही रेणूंवर ४, काहींवर ८ असतात. टीएनबीएस या रंग देणाऱ्या अभिकर्मकाने ताळा करा. हायड्रॅझाइडचा लालसर रंग ५०० नॅनोमीटरला वाचा, प्रमाण म्हणून एडीएचच वापरा आणि न बदललेल्या सीआरएमचं वाचन वजा करा, कारण लायसिनचे अमाइन पिवळा रंग देतात आणि त्याची शेपटी ५००पर्यंत येते. टीएनबीएसचा आकडा माल्डीपेक्षा बराच मोठा आला तर डायलिसिस अपुरं झालंय आणि मोकळा एडीएच उरलाय. तो पुढे ईडीसीसोबत व्हीआयच्या कार्बोक्झिलांवर जाऊन बसतो, प्रथिनाला जागाच राहत नाही. ‘जोडणी होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्रथिन मोजायला बहुतेक जण बीसीए ही तांब्यावर चालणारी रंगचाचणी उचलतात. इथे उचलू नका. हायड्रॅझाइड स्वतःच तांब्याचं क्षपण करतो, म्हणून सीआरएम-एडीएच बीसीएवर खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि मग गुणोत्तर खोटं निघतं. २८० नॅनोमीटरचं शोषण अधिक सरळ पडतं. सीआरएमच्या ट्रिप्टोफॅन–टायरोसिनच्या संख्येवरून १ मिग्रॅ/मिलि द्रावणाचं शोषण १ सेंमी क्युव्हेटमध्ये सुमारे ०.९३ येतं. एक सावधगिरी ठेवा. मोठं कॉन्जुगेट प्रकाश विखुरतं आणि ते विखुरणं यंत्र शोषण म्हणून धरतं. ३२० नॅनोमीटरलाही वाचा. तिथे शून्य नसेल तर ३२० ते ३५०चा उतार २८०पर्यंत मागे ओढून तेवढं वजा करा.

यूव्ही आणि आरआय एकाच पीकवर हाती असतील तर गुणोत्तर तिथल्या तिथे निघतं, आणि एमएएलएस हा प्रकाश-विखुरण डिटेक्टर जोडलेला असेल तर रेणुभारही. हिशेब असा. पीकच्या एका कापात शोषण ०.१८६ आलं, म्हणजे सीआरएम ०.२० मिग्रॅ/मिलि. प्रथिनाचा डीएन/डीसी, म्हणजे तीव्रतेनुसार अपवर्तनांक वाढण्याचा दर, ०.१८५ मिलि/ग्रॅम, म्हणून अपवर्तनांकातला प्रथिनाचा वाटा ३.७० × १०⁻⁵. आरआयने एकूण ७.९० × १०⁻⁵ दाखवलं, तर उरलेले ४.२० × १०⁻⁵ व्हीआयचे. व्हीआयचा डीएन/डीसी ०.१४ धरला तर ०.३० मिग्रॅ/मिलि. व्हीआय भागिले प्रथिन हे गुणोत्तर १.५. (हा ०.१४ आकडा डोळे मिटून घेऊ नका. तुमच्या बफरमध्ये, तुमच्या व्हीआयच्या ४–५ तीव्रता करून तो स्वतः काढा. सोडियम क्षार आहे की नाही आणि पावडरीत ओलावा किती, यावर तो हलतो.) पीकच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत दहा-बारा कापांत हे गुणोत्तर काढून आलेख काढा. पुढच्या कडेला ०.५ आणि मागच्या कडेला ३ असं घसरत गेलं, तर पुढे प्रथिनाचे गठ्ठे आणि मागे जवळजवळ मोकळं व्हीआय एका टेकडीखाली लपलंय. एका सरासरी आकड्यात हे कधीच दिसत नाही.

आणि १.५चा अर्थ काय? व्हीआयची सरासरी साखळी १६५ किलोडाल्टनची असेल, तर १६५ भागिले (१.५ × ५८.४), म्हणजे एका साखळीमागे सुमारे १.९ सीआरएम. मणी ओवलेल्या दोऱ्यासारखं. शिवाय एका सीआरएमवरचे दोन दुवे दोन वेगळ्या साखळ्यांना पकडतात, म्हणून याला जाळीदार रचना म्हणतात. लहान ऑलिगोसॅकराइडचं एकच टोक जोडलेल्या कॉन्जुगेटसारखं नीटनेटकं चित्र इथे मिळणार नाही आणि मिळायची अपेक्षाही ठेवू नये.

व्हीआय वेगळं मोजणं कटकटीचं आहे, कारण त्याच्या युरोनिक आम्लाच्या कड्या आम्लात सहज तुटत नाहीत आणि फिनॉल–सल्फ्युरिकचा रंग इथे भरवशाचा नाही. तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून एचपीएईसी-पीएडीवर (शर्करा वेगळ्या करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर) मोजणं हा चांगला रस्ता, प्रमाण म्हणून तसंच वागवलेलं व्हीआयच घ्यायचं. फ्रीझ-ड्राय करताना सुक्रोज घातलं असेल तर त्याचाही ब्लँक चालवा.

आता मोकळ्या व्हीआयबद्दल सविस्तर सांगतो, कारण लसीच्या दृष्टीने हा आकडा कळीचा आहे आणि तो सगळ्यात जास्त चुकतो. मोकळी शर्करा टी-पेशींची मदत मिळवू शकत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये नुसतं व्हीआय नीट प्रतिकारशक्ती देत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. भारतात २०१३ साली परवाना मिळालेल्या टायपबार-टीसीव्हीत एका डोसला २५ मायक्रोग्रॅम व्हीआय आहे, टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेलं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ला मुलांना दिली ती हीच लस. त्या २५पैकी किती मोकळं, यावर बाळाला खरा डोस किती मिळाला ते ठरतं.

पद्धत डिऑक्सिकोलेटची. ९०० मायक्रोलिटर नमुना, त्यात पीएच ६.८चं १ टक्का सोडियम डिऑक्सिकोलेट १०० मायक्रोलिटर, बर्फावर ३० मिनिटं. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मायक्रोलिटर. पांढरा साका पडतो, तो प्रथिनाला आणि प्रथिनाला बांधलेल्या सगळ्याला घेऊन खाली बसतो. १५ मिनिटं थंड सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी काढा, त्यात व्हीआय मोजा. वरच्या पाण्यात ४.२ मायक्रोग्रॅम/मिलि आलं तर ते १,०५० मायक्रोलिटरमध्ये विरळ झालेलं आहे. १,०५० भागिले ९००ने गुणा, ४.९ येतं. एकूण व्हीआय ५० मायक्रोग्रॅम/मिलि असेल तर मोकळं ९.८ टक्के. हा गुणक विसरल्यामुळे मोकळं व्हीआय १४ टक्क्यांनी कमी दाखवलं जातं.

चुकतं ते असं. सेंट्रिफ्यूजला कूलिंग नसेल तर मे महिन्यात खानदेशातल्या खोलीत रोटर भट्टीसारखा तापतो, साका मऊ पडून पिपेटच्या टोकाबरोबर वर येतो आणि बांधलेलं व्हीआय ‘मोकळं’ म्हणून मोजलं जातं. रोटर आदल्या रात्री कोल्ड रूममध्ये ठेवा, पाणी काढताना नळी तिरकी धरा, तळाचे शेवटचे २०० मायक्रोलिटर सोडून द्या. डिऑक्सिकोलेट रोज ताजं करा, थंडीत ते जेलसारखं घट्ट होतं आणि पिपेटमध्ये १००चे ७०च येतात. उलट दिशेची चूक जास्त फसवी आहे. प्रथिनाला नुसतं चिकटलेलं व्हीआयही साक्याबरोबर खाली जाऊ शकतं आणि ‘बांधलेलं’ म्हणून मिरवतं. म्हणून ईडीसी नसलेलं मिश्रण याच पद्धतीतून न्या. त्यातलं जवळजवळ सगळं व्हीआय वर यायला हवं. ६० टक्केच वर आलं तर तुमच्या हातात ही पद्धत ४० टक्के खोटी जोडणी दाखवते. मग नमुन्यात आधी मीठ वाढवून पुन्हा करून बघा. शिवाय कॉन्जुगेटमध्ये १० मायक्रोग्रॅम/मिलि शुद्ध व्हीआय मुद्दाम घालून ते ९० ते ११० टक्के परत मिळतंय का, हेही तपासा. हे दोन ताळे नसलेला मोकळ्या शर्करेचा आकडा मी अहवालात धरणार नाही.

ईडीसी जास्त झालं तर काय बिघडतं, ते एनएमआरवर दिसतं. सक्रिय झालेल्या कार्बोक्झिलला हायड्रॅझाइड वेळेत भेटला नाही, तर तो गट वळून एन-असिलयुरिया होतो आणि कायमचा व्हीआयवर बसतो. १.१ पीपीएमजवळ इथाइलचा त्रिक आणि २.९जवळ डायमिथाइल अमिनोचा उंच पीक, डायलिसिसनंतरही हटत नसेल तर तो हाच. व्हीआय-नळी इथे कामाला येते. दुसरी जपायची गोष्ट म्हणजे व्हीआयच्या कडीवरचा ओ-असिटाइल गट. व्हीआयची प्रतिपिंडांना होणारी ओळख बरीचशी त्यावर अवलंबून असते. व्हीआय पॉलिसॅकराइडसाठी १ ग्रॅममागे किमान २.० मिलिमोल ही मर्यादा मानली जाते. प्रत्येक कडीवर एक असता तर सोडियम क्षारात ३.५६ आलं असतं, म्हणजे मर्यादा साधारण ५६ टक्क्यांना आहे. हेस्ट्रिनच्या पद्धतीने जोडणीआधी आणि नंतर मोजा. कुठेही पीएच ९च्या वर नमुना तासभर राहिला की हा आकडा घसरतो. बफर एमईएसच घ्या, पीएच ६च्या आसपास. ट्रिस, ग्लायसिन, अ‍ॅसिटेट नको, पहिल्या दोघांचे अमाइन आणि तिसऱ्याचं कार्बोक्झिल ईडीसी खाऊन टाकतात. ईडीसीची बाटली उणे २०मधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि पुढच्या वेळी तेच वजन निम्मंच काम करतं.

‘कुठे जोडलं?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर तुमच्या रसायनात अर्धंच मिळेल. इथे दुवा लायसिनवर नाही, अ‍ॅस्पार्टेट–ग्लुटामेटवर आहे. म्हणून आधी सीआरएम-एडीएचचा नकाशा काढा. ट्रिप्सिन लायसिन–आर्जिनिनपाशी कापतं, त्याला दुव्याची अडचण होत नाही. एलसी-एमएसमध्ये (पेप्टाइडं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) +१५६.१० शोधा, ते दुव्याचं स्थान. दोन पेप्टाइडांच्या बेरजेत +१३८.०९ दिसलं तर एक एडीएच दोन कार्बोक्झिलांना पकडून बसलाय. −१८.०१ दिसलं तर लायसिन आणि कार्बोक्झिल थेट जुळलेत. मग कॉन्जुगेट आणि सीआरएम-एडीएच सारख्या वजनाने, एकाच दिवशी पचवा आणि प्रत्येक पेप्टाइडची तीव्रता ताडून बघा. दुवा असलेलं जे पेप्टाइड कॉन्जुगेटमध्ये ओसरलं, ते साखळीला लागलं. न बदललेली, दुवा नसलेली पेप्टाइडं दोन्हीकडे सारखी असायला हवीत. तीही कमी असतील तर साखळीच्या जाळीत ट्रिप्सिन पोचलेलं नाही, आणि तुम्ही अपुरं पचन जोडणी म्हणून मोजताय. शिवाय ईडीसीमुळे व्हीआयचे काही कार्बोक्झिल थेट सीआरएमच्या लायसिनला जाऊन मिळतात. तिथे ट्रिप्सिन अडतं, म्हणून एक पचन ग्लू-सी या ग्लुटामेटपाशी कापणाऱ्या एन्झाइमनेही करा.

हाच प्रश्न रिडक्टिव्ह अमिनेशनने, म्हणजे पीरियोडेट आणि सायनोबोरोहायड्राइडने केलेल्या कॉन्जुगेटबद्दल असता तर बंध लायसिनवर असता. सीआरएमवर ३९ लायसिन आणि एक एन-टोक, एवढ्याच जागा. मेनिंगोकोकस सीसारखी सायलिक आम्लाची साखळी सौम्य आम्लात तोडून बंधाजवळचा खुंट ठेवता येतो आणि खुंटासकट पेप्टाइड पकडता येतं. व्हीआयची साखळी अशी सहज तुटत नाही, म्हणून तुमच्याकडे ‘ओसरलेलं पेप्टाइड’ हाच मार्ग उरतो. प्रबंधात तो अप्रत्यक्ष पुरावा म्हणूनच मांडा.

यातलं जेल, टीएनबीएस, हेस्ट्रिन, डिऑक्सिकोलेट आणि यूव्ही शिरपूर–धुळे–जळगावच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे. एनएमआर आणि माल्डीसाठी मुंबई-पुण्याला नमुने पाठवावे लागतील. एनएमआरचा नमुना क्षार काढून, फ्रीझ-ड्राय करून पाठवा, प्रवासात ती पावडर टिकते. द्रवरूप कॉन्जुगेट जेलपॅकमध्ये, बर्फाला थेट न टेकवता पाठवा. गोठून वितळलं तर गठ्ठे होतात आणि मग एमएएलएसचा रेणुभार तुमच्या अभिक्रियेचा राहत नाही. पाठवलेल्या प्रत्येक नमुन्याची जुळी नळी इथे ४ अंशांवर ठेवा आणि नमुना तिकडे चालवला जाईल त्याच दिवशी इथे त्या नळीचं एसईसी घ्या.

शेवटी, बंध टिकतो का हे बघण्यासाठी मुख्य कॉन्जुगेटचे आजच ८ भाग करा. चार ४ अंशांवर, चार ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. ‘खोलीचं तापमान’ असं लिहू नका, उन्हाळ्यात आपल्याकडे ते ४०च्या वर जातं. ०, १, २ आणि ४ आठवड्यांना एसईसी आणि मोकळं व्हीआय मोजा. ३७ अंशांवर मोकळं व्हीआय वाढलं आणि एसईसीवर प्रथिनही सुटून स्वतःच्या जागी आलं, तर बंधाकडे पुन्हा बघा. मोकळं व्हीआय वाढलं पण प्रथिन सुटलं नाही, तर साखळी मधूनच तुटतेय.